अठरा फोटोंतला एक

सगुण गेल्याची बातमी मला बांधावर कळली. रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. कोरगावच्या खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खारट शेतजमिनीच्या, बांधावर एक मानस आहे. खाडीचे पाणी शेतात घ्यायची आणि सोडायची लाकडी दारे म्हणजे मानस. तिच्या शेजारी गरी टाकून मी सगुणची वाट बघत बसलो होतो. आठवडाभर त्याला बरे नव्हते, पण "आयतारा येतां" असा निरोप त्याने धाडला होता, आणि निरोप धाडून हा माणूस आला नाही असे सहसा होत नसे. मग बांधावरून माझी बायको सुलभा येताना दिसली. लग्नाला पस्तीस वर्षे झाली, पण मी गरीला बसलो असताना ती कधी तिकडे फिरकली नव्हती. ती बरीच लांब होती तेव्हाच मी दोरी गुंडाळायला घेतली. जवळ येऊन ती म्हणाली, "सगुणबाब पहाटे गेले. झोपेतच." मी आमिषाची सुंगटे, म्हणजे कोळंबी, पाण्यात सोडून दिली आणि तिच्या मागून चालू लागलो.

आज त्याला सहा आठवडे झाले. सगुण मूळचा डिचोलीकडचा, पाळीचा. जमीन मोजणाऱ्या खात्यात नोकरीला लागला आणि बदली होऊन पेडण्यात आला. गावोगाव साखळी टाकत फिरताना त्याला कोरगाव आवडले, तिथे त्याने भाड्याने खोली घेतली, पुढे घर बांधले आणि पाळीला फक्त चवथीला जायचे एवढेच उरले. मी इथल्या शाळेत मराठी शिकवायचो. आमची ओळख याच मानशीवर झाली. मी गप्पिष्ट माणूस, मासे पकडायला बसलो की तोंड चालूच. पहिल्याच दिवशी शेजारच्या दगडावरून हा अनोळखी इसम मला म्हणाला, "मास्तरा, मातसो ओगी राव. मासो लागना तर लागना, उजवाड तरी पळोवंया." मी गप्प राहिलो. आयुष्यात मला गप्प बसवणारी माणसे दोनच, त्यातला हा एक. दुसरी कोण ते वाचकांनी ओळखले असेल.

उजेड बघायचे त्याचे वेड या गरीतूनच आले होते. त्याचे म्हणणे असे, की गरी टाकली की माणसाला उठता येत नाही. तीन-चार तास तोच बांध, तोच माड, समोरचे तेच खारफुटीचे बेट. दुसरे काही बघायला नसते, म्हणून उजेड कसा सरकतो तेच दिसायला लागते. मग म्हापशाच्या एका जुन्या स्टुडिओवाल्याकडून त्याने कॅमेरा मिळवला. वरून मान खाली घालून बघायचा, चौकोनी पेटीसारखा, एका रोलमध्ये बारा फोटो. शुक्रवारच्या बाजाराला गेला की सुलभा सांगेल त्या मिरच्या आणि स्वतःचा रोल, दोन्ही घेऊन यायचा. पाण्यातल्या दोरीकडे मान वाकवून बघणारा माणूस आता पेटीत मान वाकवून बघायला लागला, तेव्हा गावाला फारसा फरक जाणवला नाही.

सगळे काळे-पांढरे. रंगीत रोल मिळायला लागले होते, लग्नामुंजीत लोक रंगीतच मागत होते. मी एकदा त्याला विचारले, की बाबा, एवढा हिरवागार मुलूख आणि तू राखाडी का करून टाकतोस? दोरी हलवत तो म्हणाला, "पाळयेची न्हंय हांवें एकदां रंगीत काडिल्ली. घरांत कोणाकूच दाखोवंक ना." खाणीची माती उतरून त्याच्या गावची नदी तांबडी झाली होती, हे मला ठाऊक होते. पुढे मी तो विषय काढला नाही. पण त्याच्या फोटोंनी माझे एक मोठे काम केले, आणि त्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. मी मुलांना वर्षानुवर्षे निबंधात निळेशार आकाश आणि हिरवीगार शेते लिहायला शिकवत आलो होतो. सगुणच्या फोटोत ओला चिखल पाण्यापेक्षा काळा असतो, आंब्याखालच्या सावलीतसुद्धा तीन-चार तऱ्हा असतात, हे बघितले आणि मला माझीच लाज वाटली. मग एक वर्ष मी वर्गाला एकही रंग न लिहिता गावाचे वर्णन करायला लावले. पालक विचारायला आले, की मास्तरांचे काही बिनसले आहे का. मुलांनी मात्र असे काही लिहिले, की त्यातल्या दोन वह्या अजून माझ्याकडे आहेत.

फोटो धुवायचे काम घरच्या न्हाणीत चाले. खिडकीला गोणपाट, वर तांबडा दिवा, आणि मासे धुवायच्या पसरट ताटांत औषधे. शालिनीवहिनी, म्हणजे त्याची बायको, बाहेर उभी राहून विचारायची, "आज आंघोळ करची, काय फाल्यां?" एकदा तर गंमतच झाली. बांधावर कॅमेऱ्याची तिवई लावून सगुण ढग नेमके कुठे यावेत याची वाट बघत होता, आणि बाजूला लावलेल्या गरीला भला मोठा चोणक लागला. मी ओरडलो. सगुणने आधी फोटो काढला आणि मगच गरीकडे झेपावला. चोणक गरी घेऊन खाडीत गेला. फोटो धुतल्यावर तोही हललेला निघाला, कारण माझ्या ओरडण्याने सगुण दचकला होता. "दोनूय तुवेंच घालयलें," असे तो मला मरेपर्यंत सांगत राहिला, आणि खरे सांगायचे तर तेच बरोबर होते.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो, त्याकडे यायला हवे. टाळून बघितले, पण टळत नाही.

गोव्यातल्या राजभाषेच्या वादाचे ते दिवस होते. आज नव्या पिढीला खरे वाटणार नाही, पण कोंकणी की मराठी यावरून एका पंगतीत बसणारी माणसे एकमेकांकडे पाठ करून बसू लागली होती. रस्त्यांवर झाडे आडवी पडत, बस बंद असत. मी मराठीच्या बाजूने सभांतून बोलत असे, तेही तावातावाने. सगुण कोंकणीच्या बाजूचा, पण तो कुठे बोलायला गेला नाही. आम्ही रविवारी मानशीवर भेटायचो तेव्हा हा विषय आपोआप गावातच राहायचा. अशातच आमच्या वाचनालयाने त्याच्या फोटोंचे प्रदर्शन देवळाच्या मंडपात भरवायचे ठरवले. अठरा फोटो. नावे मी लिहायची, कारण माझे अक्षर चांगले. सगुणने प्रत्येक फोटोमागे शिसपेन्सिलीने नाव लिहून दिले होते. खाजन, मानस, तिन्हीसांज, अशी साधी नावे. एका फोटोत पाणी उतरून गेलेले, उघडा पडलेला चिखल आणि त्यावरून पाण्याच्या शेवटच्या बारीक वाटा. मागे लिहिले होते, "सुकती".

मी पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात लिहिले, "ओहोटी".

सकाळी मंडपात तो आला, एकेक फोटो बघत पुढे सरकला आणि त्या फोटोपाशी थांबला. "मास्तरा, हें कोणें बदललें?" मी सहज, वर्गात वही तपासून परत द्यावी तसे म्हणालो, "मी. शुद्ध केलं." त्याने आवाज चढवला नाही. "अशुद्ध कितें आशिल्लें तातूंत?" एवढेच विचारले. भोवती माणसे जमलेली, म्हणून मी व्याकरणावर काहीतरी बोलत सुटलो. माझे बोलणे संपायच्या आत त्याने तो फोटो खिळ्यावरून काढला, काखेत घेतला आणि निघून गेला. उरलेले सतरा तिथेच ठेवले. लोकांनी ते दोन दिवस बघितले, वाखाणले, आणि मी रिकाम्या खिळ्याखाली "ओहोटी" अशी पाटी लागलेली बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुलभा टोपली घेऊन निघाली. कुठे म्हणून विचारले तर म्हणाली, "सुकती लागली. तिसऱ्यो काढूक जातंय." मी उंबऱ्यात उभाच राहिलो. माझ्या घरात, माझ्या आईच्या तोंडी, माझ्या स्वतःच्या तोंडी जन्मभर हाच शब्द होता. ओहोटी मी पुस्तकात वाचली होती. ज्या पाण्याला आम्ही सुकती म्हणतच लहानाचे मोठे झालो, त्याचे नाव मी माझ्या मित्राच्या फोटोवरून पुसले होते आणि त्याला शुद्ध करणे म्हटले होते... मराठीवरचे माझे प्रेम त्या दिवशी कमी झाले नाही, आजही नाही. पण त्या प्रेमापायी मी काय केले, ते मला त्या टोपलीने दाखवले. उठून सगुणकडे जावे आणि चुकलो म्हणावे, एवढे सोपे काम होते. मी गेलो नाही. मास्तर होतो ना.

चार वर्षे आम्ही बोललो नाही. मध्ये कोंकणी राजभाषा झाली, गोवा घटकराज्य झाले, गावात फटाके वाजले. दर रविवारी मी मानशीवर एकटाच बसायचो. शेजारचा दगड रिकामा. सगुण कॅमेरा घेऊन दुसरीकडे कुठे जातो असे ऐकत होतो. विचारायची हिंमत नव्हती, म्हणून सुलभालाच अधूनमधून, उगाच आठवल्यासारखे करून विचारायचो, की सगुण कुठे दिसला का. ती म्हणायची, दिसले. पुढे काही सांगायची नाही.

मग एका रविवारी पावलांचा आवाज आला. सगुण आपल्या दगडावर येऊन बसला, तिवई बाजूला ठेवली आणि म्हणाला, "सुंगटां आसात?" मी डबा पुढे केला. त्याने आमिष लावले, गरी टाकली. मी चार वर्षे घोकलेले वाक्य ओठांवर आणले, तेवढ्यात तो म्हणाला, "ओगी राव. उजवाड बरो आसा." आणि ते वाक्य राहूनच गेले. पुढे किती तरी वर्षे आम्ही त्या दगडांवर बसलो. हसलो, भांडलो, म्हातारे झालो. पण तो दिवस त्याने कधी काढला नाही, मी कधी काढला नाही. मला वाटायचे, त्याने मला माफ केले की नुसते सोडून दिले? या दोहोंत फरक आहे, आणि आता तर विचारायला माणूसच राहिला नाही. त्याच्या तेराव्याला मी पानावर बसलो तेव्हाही डोक्यात हेच होते.

जेवणे झाल्यावर वहिनी माझ्यापाशी येऊन बसली. मी तिला म्हटले, "वहिनी, मला त्याची एकदा माफी मागायची होती." कशाबद्दल ते तिने विचारले नाही. म्हणाली, "मास्तर, त्या चार वर्सांनी हांव दर आयतारा तुमगेर भाजी घेवन येताली न्हय? ती भाजी दिवंक न्हय. हेच म्हाका धाडटाले. 'वच, मास्तराच्या गरीक कितें लागलां तें पळोवन यो.'" मला ते रविवार आठवले. दुपारी बाराच्या सुमाराला वहिनी दारात, हातात परसातली तांबडी भाजी, स्वयंपाकघरात सुलभाशी दोन शब्द, आणि परत. मी बाहेर आरामखुर्चीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलेला. "आणि काही लागलं नाही म्हणून सांगितलंत तर?" मी विचारले. "तर म्हणटाले, ताका उदक कळना. एकटो बसल्यार तो उपाशीच उठतलो. आनी मागीर हे सगळो दीस कोणाकडेन उलयनाशिल्ले." माझी गरी रिकामी उठली, की सगुण दिवसभर कोणाशी बोलत नसे.

घरी येऊन मी सुलभाला विचारले, "तुका ही खबर होती?" ती भांडी पुसत होती. म्हणाली, "होती. तुमी पण इचारत होतास मां, सगुणबाब खंय दिसले काय म्हणान? मी दोगांकय सांभाळत होतंय. मासो लागलो तर दोन तुकडे वहिनीच्या पिशयेत घालत होतंय." चार वर्षे माझ्याशी अबोला धरलेला माणूस चार वर्षे मी पकडलेले मासे जेवत होता. मी हसायला लागलो आणि ते हसणे मधेच कुठेतरी मोडले. सुलभाने खुर्ची पुढे सरकवली.

तेव्हापासून मानशीवरून उठलो की मी सरळ घरी येत नाही. आधी सगुणच्या घरी जातो, पडवीत उभा राहतो आणि काय लागले ते वहिनीला सांगतो. ती ऐकून घेते, वाट्याचा मासा ठेवून घेते. गेल्या रविवारी काहीच लागले नाही. तरी गेलो, आणि तसे सांगून आलो.