माघारीनंतरच्या मावशी

कासारवाडीतल्या आमच्या घरमालकीण मावशींइतकं मनापासून राजकारण खुद्द पुढाऱ्यांनीही कधी केलं नसेल. त्यांच्या उमेदवाराचा घसा बसला, तर काढा या घ्यायच्या. भाजीवाली विरोधी गटाची निघाली म्हणून एकदा त्यांनी निवडून घेतलेली मेथी परत टोपलीत टाकली होती. मी खोली बघायला आलो, तेव्हा लग्न झालंय का हे विचारायच्या आधी त्यांनी मत कुणाला देता ते विचारलं. मी म्हटलं, चाकणच्या कंपनीत शिफ्ट असते, एवढा विचार करायला वेळ मिळत नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "मंग आमच्यालाच द्या. तुमचं तरी काय जातंय?"

यंदाच्या निवडणुकीत रेल्वेलाइनपलीकडे राहणारे त्यांचे धाकटे भाऊ, आण्णा, दुसऱ्या गटात गेले. मावशींनी भर चौकात त्यांना सुनावलं, "आजपासनं माझ्या दारात पाऊल टाकू नगं." आण्णा मान खाली घालून निघून गेले.

पुढच्याच आठवड्यात दोन्ही गटांचा समझोता झाला आणि मावशींच्या उमेदवारानं अर्ज मागे घेतला. कुणी फटाके वाजवले, कुणी त्याचे फलक फाडले. टपरीवर एक जण म्हणाला, "राव, वरचे वरच मिटवतात, आपण खाली भांडत बसायचं." मावशी तडक उमेदवाराच्या घरी गेल्या. म्हणाल्या, "तुमी अर्ज मागं घेतला. मी भावाला बोलले, ते कुठं जाऊन मागं घिऊ?" त्यानं नुसते हात जोडले.

त्याच संध्याकाळी त्या पुरणपोळ्यांचा डबा घेऊन आण्णांकडे निघाल्या. सोबतीला मी होतो. आण्णा दारातच उभे राहिले.

"आक्का, वरनं निरोप आला म्हणून आलीस व्हय?"

एरवी सभेत पुढाऱ्यांना गप्प करणाऱ्या मावशींनी डबा उंबऱ्यावर ठेवला आणि त्या परत फिरल्या.

भाऊबीजेला आण्णा आले नाहीत. दिवेलागणीला मावशी ताट घेऊन गच्चीवर गेल्या आणि चंद्राच्या बारीक कोरीला ओवाळू लागल्या. भाऊ नसलेल्या बायका असं करतात, हे मला ठाऊक होतं.

"मावशी, तुम्हाला भाऊ आहे की."

"हाय ना. त्यालाच ओवाळतीया. त्यो गच्चीवर आला आसंल, तर त्यालाबी ह्योच दिसत आसंल."

वारा सुटला होता. निरांजन विझू नये म्हणून मी हाताचा आडोसा धरून उभा राहिलो. त्या कितीतरी वेळ ओवाळत होत्या.