लेआउटमधली चक्कीबाई

आमच्या घरी ज्या पिठाच्या भाकरी व्हायच्या, त्या पिठाला नाव नव्हतं. चक्कीच्या कापडी नळीला आणि खालच्या फळीला दिवसभर जे पीठ धरून राहतं, ते संध्याकाळी झटकून निघतं. त्यात ज्वारी असते, गहू असतो, चण्याची डाळ असते, कुणाचे चार दाणे तांदूळही असतात. बाबा आधी कामठीला हातमागावर विणकर होते. माग बंद पडला, मग सायकलरिक्षा ओढू लागले. पावसाळ्यात खोकला उसळला की रिक्षाही भिंतीला टेकायची. तेव्हा आई चक्कीवर लोकांची दळणं निवडायला जाऊ लागली. मजुरी मिळायची, आणि वर ते मिसळलेलं पीठ. रोज भाकरीची चव वेगळी. धाकटा भाऊ विचारायचा, "आज कायची आहे वं?" आई म्हणायची, "साऱ्या वस्तीची." मी हे लपवत नाही. त्याच भाकरींवर मी मॅट्रिक पास झाले आणि कॉलेजात गेले. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली.

चक्की जिची होती तिला सगळे चक्कीबाई म्हणत. नवरा गेल्यावर सासरच्यांनी चक्की विकायचा सल्ला दिला. हिने पदर खोचला आणि इंजिनाचा पट्टा स्वतः चढवला. भुवया, पापण्या, कानांच्या पाळ्या, सगळं पिठाने पांढरं. पण तिची खरी ओळख म्हणजे आवाज. इंजिनाच्या धडधडीत आयुष्य गेलेलं, त्यामुळे हळू बोलणं ती विसरलीच होती. एकदा कुणाच्या तरी मुलीची सोयरीक मोडल्याची बातमी तिने आईच्या कानाला लागून सांगितली आणि शेवटी बजावलं, "कोणाले सांगू नको हं!" समोरच्या पानठेल्यावरून गणपत ओरडला, "नाही सांगत, बाई!"

तिच्या चक्कीवर माणसांची नाही, धान्याची रांग असायची. उपवासाचं पीठ भल्या सकाळी, चक्कीचे दगड साफ करून. मग गहू, मग ज्वारी, डाळ सगळ्यात शेवटी. मधे कोणी घुसू शकत नसे. एकदा एका मोठ्या अधिकाऱ्याचा चपराशी डाळीचा डबा घेऊन पुढे आला. "साहेबांच्या घरचं आहे, लवकर करा." चक्कीबाई म्हणाली, "साहेब हापिसात असतीन. डब्यात तं डाळच आहे ना गा? मंग डाळीत ठेव." चपराशी ज्वारी संपेपर्यंत बाकावर बसला आणि जाताना तिला रामराम घालून गेला.

आमची वस्ती शहराच्या टोकाला, प्रताप नगरच्या पलीकडे, जिथे शेतं सुरू व्हायची तिथे. सत्तरच्या दशकात त्या शेतांत खुंट्या ठोकल्या गेल्या, प्लॉट आखून लेआउट पडले, बंगले उठले. गुलमोहर लागले, फाटकांवर 'कुत्र्यापासून सावध' लागलं. हे सगळं चक्कीबाईने डब्यांत पाहिलं. "वस्ती बदलून राहिली वं," ती आईला म्हणायची. "पाह्य ना, ज्वारी कमी झाली." बंगल्यांतून गहू यायचा, तोही निवडलेला. ज्वारी आणणारी घरं एकेक प्लॉट विकून आणखी पुढे सरकत होती.

मग बंगलेवाल्यांचं मंडळ निघालं. ओव्हरसियर साहेब अध्यक्ष. कोणतं दुकान लेआउटमध्ये शोभतं आणि कोणतं नाही, यावर दर रविवारी कुणाच्या तरी व्हरांड्यात चर्चा. लाँड्री हवी. सलून हवं, पण आपल्या फाटकासमोर नको. सायकलवाला चालेल, पण त्याचं ग्रीस नको. प्रत्येकाला दुकान जवळ पाहिजे होतं आणि दुसऱ्याच्या दारात पाहिजे होतं. एका गोष्टीवर मात्र एकमत: चक्की जावी आणि त्या कोपऱ्यावर छानसं डेली नीड्सचं दुकान यावं. मंडळाने लेखी तक्रार केली असती तर परवाना गेलाच असता. चक्की गेली असती तर आईचं काम गेलं असतं, आणि आईचं काम गेलं असतं तर माझं कॉलेज.

जुन्या वस्तीचंही एक मत नव्हतं. गणपतला वाटे, डेली नीड्स आलं तर पानठेल्यावर बरी गिऱ्हाइकं येतील. आमचे बाबासुद्धा एकदा बोलून गेले, "आवाज तं होतेच ना थोडा." आईने त्या दिवशी त्यांना चहा दिला, पण साखर टाकली नाही.

मंडळाची तक्रार होती आवाजाची आणि मिरचीची, आणि तीत खोटं काहीच नव्हतं, हे मला आज कबूल करायला हरकत नाही. उन्हाळ्यात चक्कीवर वर्षभराची मिरची कुटली जायची, तीही झणझणीत भिवापुरी. त्या दिवशी अख्खी गल्ली शिंकायची, कुत्रीसुद्धा. मंडळाने चक्कीबाईला समक्ष समज द्यायचं ठरवलं आणि त्यासाठी रविवार निवडला, कारण ऑफिसला सुट्टी. नेमक्या त्याच कारणाने बंगल्यांतल्या बायकांनी मिरचीला रविवार ठरवला होता. नवऱ्यांनी बायकांना विचारलं नव्हतं आणि बायकांनी नवऱ्यांना सांगितलं नव्हतं.

मी त्या दिवशी आईला मदत करत होते. ओळीने डबे लागलेले, प्रत्येकावर ऑइलपेंटने नाव. साहेब मंडळी येताना दिसली तशी चक्कीबाईने इंजिन बंद केलं आणि म्हणाली, "डबे फिरवा वं. नावं भिंतीकडं करा."

"काहून?" आई चिडली. "दिसू द्या ना त्यायले!"

"चारचौघांत माणसाची मान खाली गेली तं तो घरी जाऊन बायकोशी भांडते. फिरवा."

आम्ही डबे फिरवले. ओव्हरसियर साहेबांनी घसा साफ केला. "बाई, ही आता सभ्य लोकांची—" आणि शिंकले. "सुधारलेल्या वस्तीत अशा—" पुन्हा शिंकले. मागचे खजिनदार शिंकले, चिटणीस शिंकले. गणपत ठेल्यावरून दर शिंकेला "जियो!" म्हणत होता. शेवटी रुमालाआडून साहेबांनी मुद्दा पुरा केला: "आमच्यापैकी एकाच्याही घरून इथे दळण येत नाही. मग ही चक्की हवीय कुणाला?"

चक्कीबाई फिरवलेल्या डब्यांपुढे आडवी उभी राहिली.

तेवढ्यात मागून एक बाई पुढे आल्या, नाकाला पदर लावून. ओव्हरसियर साहेबांच्या पत्नी. कुटलेलं तिखट न्यायला आल्या होत्या. त्यांनी सगळ्यात मोठा डबा दोन्ही हातांनी धरला आणि गरकन फिरवला. साहेबांचं आडनाव, पदवीसकट, साहेबांनीच रंगवलेलं.

"मला हवीय," त्या म्हणाल्या. "पुडीतलं पीठ आणायचं असेल तर पोळ्या तुम्हीच लाटा."

मग खजिनदारीण बाई पुढे झाल्या. मग चिटणिसांची आई काठी टेकत. डब्यामागून डबा फिरत गेला आणि सगळं मंडळ ऑइलपेंटमध्ये भिंतीशी उभं राहिलं. आधी साहेबच हसले. हसता हसता शिंकले, मग साऱ्यांनाच हसू फुटलं.

हसणं थांबल्यावर चक्कीबाई म्हणाली, "पण मिरचीचं तुमचं बरोबर आहे, साहेब. तुमच्या पोराले दमा आहे, मले माहीत आहे." तिने स्वतःच ठरवून टाकलं: मिरची गल्लीत नाही, मागच्या पडीत प्लॉटवर, गोणपाटाचे पडदे लावून. आणि दुपारी लोकांच्या झोपेच्या वेळी इंजिन बंद. ते तिने शेवटपर्यंत पाळलं.

डेली नीड्सही आलं, चक्कीला लागूनच. उद्घाटनाला पहिलं गिऱ्हाईक चक्कीबाई. तिने ब्रेड घेतला, तिथेच उभ्या उभ्या खाल्ला आणि निकाल दिला, "याच्यात तं हवाच आहे वं!" दुकानदार बिचारा लाजला. पण दुसऱ्या दिवसापासून चहासोबत ती तोच ब्रेड खाऊ लागली.

पुढे तिचे गुडघे गेले. बहीण रामटेकला होती, तिकडे जायचं ठरलं. चक्की विकत घ्यायला बरेच जण आले, तिने सगळ्यांना वाटेला लावलं आणि किल्ली आईच्या हातावर ठेवली. "तुले पट्टा चढवता येते, मंग दुसऱ्याले काहून देऊ?" तिला बसपर्यंत सोडायला जुनी वस्ती होती, बंगलेही होते. बस सुटल्यावरही खिडकीतून तिच्या सूचना येतच होत्या. कंडक्टरने दोन्ही कान हातांनी झाकले. आई रडत होती आणि मला हसू आवरत नव्हतं.

परवान्यावर आईचं नाव चढलं. त्याच उन्हाळ्यात मी बी.ए. झाले. चक्की तिच्याच कोपऱ्यावर राहिली.