खाऱ्या पाण्यातली पिल्लं

आमच्या टीनाचे बाबा, म्हणजे माझे घरधनी भोजराज, गोंदियाच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळतात. कुडव्याहून गाडीनं जातात, झाडतात, काचा धुतात, कुलूप लावतात. माणूस गरीब गाय, पण कोणाची दया आली की डोकं बंद!

तिथं शिकणारी, आमच्याकडच्याच गोरेगावची दुर्गेश्वरी समुद्राच्या छोट्या केकड्याची पिल्लं वाढवून राहिली होती. मीठ मोजून समुद्रासारखं पाणी बनवायचं अन् काचेच्या भांड्यात पिल्लं ठेवायची. आमच्या यायले, म्हणजे टीनाच्या बाबाले, तिनं ती मायक्रोस्कोपमधून दाखवलीही. डोक्यावर काटा, मोठाले डोळे, लांब शेपूट. नांग्यांचा पत्ता नाही. "कात टाकत टाकत केकडा होईल, काका," म्हणे.

यायले काही पटलं नाही. आमच्या धानाच्या बांधीतली केकडी तर पोटाखाली हुबेहूब केकड्यासारखी पिल्लं घेऊन फिरते. खाऱ्या पाण्यानंच हे जीव सुकले, असं यायच्या मनानं घेतलं. शनिवारी दुर्गेश्वरी गावाले गेली, अन् यायनं भांड्यात मडक्यातलं गोड पाणी ओतलं. आता बोला! सोमवारी ती येऊन पाहते तर सारी पिल्लं मरून तळाशी.

पोरीले वाटलं, मीठ आपणच चुकीचं मोजलं. तिले शिकवणारे सर तिच्यावर उखडले, "तुझ्याच्यानं होत नाही, हे काम बंद कर." ती ढसाढसा रडली. यायनं तिले चहा पाजला, पण सांगतलं काहीच नाही. घरी येऊन माझ्यापाशी सारं ओकले. ताटाले हात लावला नाही.

माझं डोकंच फिरलं. "लाज नाही वाटत? तिचं शिक्षण बुडून राहिलं, अन् तुमी मूग गिळून बसले?"

सकाळी मीच गाडीवर मागं बसून कॉलेजात गेली. सरांसमोर मान खाली घालून हे बोलले, "पिल्लांच्या भांड्यात गोड पाणी मी टाकलो, साहेब."

सर हसले. "भोजराज, पोरीला वाचवायला कशाला खोटं बोलतोस?"

एवढा भरोसा होता यायच्यावर! मेल्याहून मेल्यासारखं झालं मले. यायनं पुन्हा सांगतलं, मडक्याचं, बांधीतल्या केकडीचं, सारं. मंग सर तिथंच उभ्या असलेल्या दुर्गेश्वरीले म्हणाले, "तू काम चालू ठेव."

ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण तिनं यायले शांतपणे विचारलं,

"काका, काल मी रडून राहिली होती, तुमी बाजूलेच बसून होते. तवा काऊन नाही सांगतलं?"