डाव्या कोपऱ्यातला माणूस

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. खरं सांगते, रडू यायच्या आधी राग आला. आता आबासाहेब तिच्यावर भाषण ठोकणार...

सुलभा निगडीच्या शाळेत चित्रकला शिकवायची. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या एका इंग्रज चित्रकार बाईने तिला वेड लावलं होतं. ती बाई लढाया रंगवायची, पण सेनापतींचा रुबाब नाही, दमलेभागलेले शिपाई. तेही खरे शिपाई समोर बसवून. सुलभानेही तेच केलं. चाकणच्या कंपन्यांत गेटवर ड्युटी करणारे माजी सैनिक शिफ्ट सुटली की तिच्या गच्चीवर यायचे. चहा पाजून ती त्यांना मेल्यासारखं पडायला लावायची. कुणी घोरायला लागलं की ओरडायची.

त्यातून आमच्या वसाहतीच्या सभागृहासाठी भिंतभर चित्र झालं. लढाई संपलेली, आणि डाव्या कोपऱ्यात मेलेल्या शिपायाचे बूट काढणारा एक पाठमोरा चोर. त्याच्या खाली सुलभाची सही. सभागृहाचे अध्यक्ष असलेल्या आबासाहेबांनी उद्घाटनाआधी ती सही रंगाने बुजवली आणि तिथेच पितळी अक्षरांत स्वतःचं नाव ठोकलं. तिला शाल-नारळ दिला, 'मदतनीस' म्हणून! मी भांडायला निघाले, तर तिने हात धरला.

"थांब गं. अजून व्हार्निश द्यायचंय."

आठवडाभर ती शिडीवर होती. मग मला घेऊन गेली. चोराने मान वळवली होती, आणि चेहरा हुबेहूब आबासाहेबांचा. मी तोंडाला पदर लावून हसले. त्यांना कधीच कळलं नाही. ते यायचे, स्वतःचं नाव वाचायचे आणि जायचे.

शोकसभेआधी मी मुद्दाम त्यांना गाठलं. म्हटलं, चित्र इथून कधीच हलणार नाही असं माइकवरून जाहीर करा, लोक नाव काढतील. त्यांनी केलं, डोळे पुसत केलं. मग मी उठले आणि सगळ्यांना डावा कोपरा बघायला सांगितला.

मागून एक म्हातारा वॉचमन पुढे आला, चित्राशी थांबला.

"त्यो मेलेला शिपाई म्हंजी मी. अन् बूट काढत्यात ते आबासाहेबच हायेत की."

आबासाहेब त्यानंतर फिरकलेले नाहीत. सुलभाला जाऊन महिना होत आला. तिची आठवण आली की चिंचेचा गोळा घेऊन मी सभागृहात जाते, ती पितळी अक्षरं घासून लख्ख करते. चेहरा पाहिला की खालचं नाव नीट वाचता आलं पाहिजे.