निम्म्या मिठाची शेव

कुंभवलीच्या आमच्या चाळीत कोणाच्या घरी काय शिजतंय हे भिंतीला कान न लावता कळतं. ज्ञानेश्वरीवहिनीची कढई चढली की लसणाचा आणि ओव्याचा वास आधी माझ्या घरात शिरतो, मग रस्त्यावर जातो. वहिनी खानदेशातली, चोपड्याकडची. नवरा बन्सीभाऊ एमआयडीसीत सूत रंगवायच्या कारखान्यात कामाला. मुलं शाळेत जायला लागल्यावर वहिनीने लसणी शेव काढायला घेतली आणि आता बोईसरपासून पालघरपर्यंतच्या दुकानांत तिच्या पुड्या लटकलेल्या असतात. मी शेजारीण, कमळी. सोऱ्या फिरवून तिचे हात भरून आले की मला हाक येते.

या धंद्यात बन्सीभाऊंचं काम एकच, चव बघायचं. पहिला घाणा निवला की चार काड्या त्यांच्या तळहातावर ठेवायच्या. ते डोळे मिटून चावणार, आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत बसणार, आणि ते "पास" म्हणाले की मग पुड्या बांधायच्या. मिठाचा खडा इकडचा तिकडे झाला तरी आपल्याला कळतो, असं ते येईल-जाईल त्याला सांगायचे. स्वतःच्या चपला रोज बायकोला शोधायला लावणारा माणूस, पण जिभेचा तोरा बघावा!

मग गावाकडे त्यांच्या थोरल्या भावाच्या अंगावरून वारं गेलं. धडधाकट शेतकरी गडी एका सकाळी अर्धा लुळा झाला. बन्सीभाऊ गावी जाऊन त्याला बघून आले. पुढे कारखान्यात तपासणी झाली, तर यांचंही बीपी इतकं वर की नर्सबाईंनी पट्टा सोडून पुन्हा बांधला. बोईसरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि मीठ कमी करा म्हणून बजावलं. लोणचं आणि पापड त्याच दिवशी बंद झाले. पण शेव? भाकरीबरोबर शेव, वरणात शेव, चहाबरोबर शेव. डॉक्टर म्हणाले, तुमचं खरं मीठ तिथेच आहे.

वहिनीने त्यांच्यासाठी वेगळी अळणी शेव केली. भाऊंनी एक काडी तोंडात टाकली आणि ताट सरकवलं. भांडले नाहीत, पण दोन दिवसांनी धुवायला काढलेल्या पँटच्या खिशात टपरीवरच्या फरसाणाचा चुरा निघाला, आणि ते तर वहिनीच्या शेवेपेक्षाही खारट. या बाईला मी कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी बेसनाच्या डब्याजवळ बसून ती रडली. "हेही भावजींसारखे पडले तर मी काय करू?" असं तिने विचारलं. मी डबा बाजूला सरकवला आणि तिच्याजवळ बसले.

दुसऱ्या दिवशी ती डोळे पुसून कामाला लागली. तोवर पिठात मीठ पडायचं ते मुठीने. आता तिने मुठीतलं मीठ एका वाटीत ओतलं, वाटी सुरीने सपाट केली आणि त्यातून एक चिमूट काढून ठेवली. पंधरा दिवस तेच माप, मग आणखी एक चिमूट कमी. भाऊंची वेगळी शेव बंद, सगळ्यांना एकच. मीठ ती आता मिक्सरमधून अगदी बारीक काढायची, पिठात थोडंच घालायची आणि उरलेलं मसाल्याबरोबर गरम शेवेवर भुरभुरायची, म्हणजे जिभेला आधी तेच लागतं. लसूण आणि आमचूर मात्र सढळ हाताने.

"वैनी, भाऊंना कळलं तर घर डोक्यावर घेतील," मी म्हटलं.

तिने ओठावर बोट ठेवलं आणि चार काड्या उचलून भाऊंकडे गेली. भाऊंनी डोळे मिटले, चावलं, पास म्हणाले. मी पदर तोंडात कोंबून हसले.

होळीच्या सुमारास वहिनीला हाव सुटली. तिने एकदम दोन चिमटी कमी केल्या. भाऊंनी चावता चावता डोळे उघडले, आणखी दोन काड्या मागितल्या आणि मीठ कमी आहे म्हणाले. वहिनी काही झालंच नाही अशा चेहऱ्याने उठली, हात चुकला म्हणाली आणि वरून थोडं मीठ भुरभुरलं. त्यानंतर महिनाभर तिने वाटीला हात लावला नाही. मग पुन्हा सुरुवात, मुंगीच्या पावलांनी. गणपती आले तेव्हा वाटी निम्म्यावर आली होती आणि भाऊंचं बीपीही खाली उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू ठेवा आणि जे काही करताय तेही सोडू नका. भाऊंनी सांगितलं, मी रोज चालतो. चालतात ते, पानाच्या टपरीपर्यंत.

दिवाळीच्या तोंडावर पालघरचा दुकानदार दर्पण मोठी ऑर्डर घेऊन घरी आला. भाऊही घरीच होते. पण त्याच्या कोणा जुन्या गिऱ्हाइकाने म्हणे सांगितलं होतं, पहिली चव राहिली नाही. तेव्हा पहिल्यासारखीच करा, असं त्याचं म्हणणं. सोऱ्या त्याच्या डोक्यात घालावा असं मला झालं. वहिनी मात्र शांतपणे म्हणाली, बसा, आत्ताच एक घाणा काढते, तुम्ही दोघंही खाऊन सांगा. आणि तिने पिठात जुन्या मापाने मूठभर मीठ टाकलं.

भाऊंनी डोळे मिटून चावलं. लगेच उघडले. शेव हातावर थुंकली आणि तांब्याच तोंडाला लावला.

"हे काय केलंस? ही शेव आहे का खारवलेला बोंबील?"

दर्पणनेही हळूच पाणी मागितलं.

"ही तुमची जुनीच शेव," वहिनी म्हणाली. "इतकी वर्षं तुम्हीच पास केलेली. आता खाताय तिच्यात निम्मं मीठ असतं."

भाऊंचा चेहरा उतरला. मला का नाही सांगितलंस, एवढंच त्यांनी विचारलं.

"तुमच्या जिभेला विचारूनच केलं. दर वेळी तीच पास म्हणाली."

मग उठून त्यांनी डब्यातली रोजची शेव काढली, या वेळी डोळे उघडे ठेवून खाल्ली, आणि एकदम पोट धरून हसायला लागले. दर्पणने ऑर्डर दिली ती निम्म्या मिठाच्या शेवेची. माझ्या तर डोळ्यांत पाणीच आलं.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या गेटवर भाऊ सगळ्यांना सांगत होते, आम्ही शेवेतलं मीठ निम्म्यावर आणलं, जिभेला हळूहळू वळण लावावं लागतं. आम्ही! मी तणतणत वहिनीकडे गेले आणि ऐकलेलं सगळं तिच्यापुढे ओतलं.

ती कढईवर सोऱ्या धरून उभी होती. हसता हसता तिची शेव कढईत वेडीवाकडी पडायला लागली.

"मारू द्या हो, कमळीताई," ती म्हणाली. "बढाया मारायला माणूस घरात आहे ना माझा."