बोलण्याआधीचा विलंब

जेवणानंतर पूर नियंत्रण कक्षात जी पेंग येते, तिच्यापुढे पदव्यांचे काही चालत नाही. तनुजा वाघचौरे खुर्चीला मान टेकवते. पडद्यावर एकच ओळ लुकलुकत असते : ‘केंद्राकडून उत्तर नाही.’ केंद्र म्हणजे घाटमाथ्यावरचे, नदीची पातळी मोजणारे यंत्र. त्याला या कक्षाशी जोडणारा जुना वायरलेस दुवा इथला संगणक बदलल्यापासून मुका आहे; आज बोलला नाही, तर समिती तो मोडीत काढणार आहे. समितीने आणलेली उपग्रह यंत्रणा ढग दाटले की मौन धरते. पुराची सूचना फक्त निरभ्र आकाशात देणारे उपकरण निवडायला किती अभ्यासदौरे लागले असतील? मग खालच्या वाळुंजवाडीला पाणी आल्याचे पाणीच सांगणार. या विचारावर तिचे डोळे मिटतात.

मागे कोणीतरी खाकरते.

खरातबाई. हा दुवा त्यांनीच उभारला, तनुजाला शिकवलेही त्यांनीच. गेल्या हिवाळ्यात तिने त्यांच्या पार्थिवावर फुले वाहिली होती. आता त्या टेबलामागे वाकून केबल न्याहाळत आहेत.

“नुसती खुपसलीस होय गं? हे दोन स्क्रू काय शोभेला दिलेत?”

“घाईत राहिलं, बाई.”

“घाई समितीला शोभते. सेटिंग सांग.”

तनुजा तोंडी परीक्षेला बसल्यासारखी सांगते : वेग, डेटा बिट, पॅरिटी, स्टॉप बिट. “दोन्ही टोकांना तंतोतंत सारखं आहे.”

“म्हणजे भाषा एकच. मग अबोला कशाचा?” बाई अंगठ्याच्या नखाने स्क्रू पिळत राहतात.

तनुजा त्या नखाकडे बघत राहते. मोडीतल्या संचांतून या बाईने नदीला वाचा दिली. ज्यांना बाईंच्या प्रबंधाचे शीर्षक धड वाचता येत नव्हते, त्यांनी निरोपसमारंभात बाईंच्या हातच्या पोह्यांची स्तुती केली होती.

टेबल आता स्वयंपाकघराचा ओटा आहे. त्यावर चहा उकळतो आहे आणि शेजारी वायरलेस संच गुणगुणतो आहे. दाराबाहेर कोणी पुरुष खाकरतो.

“आमचे मामंजी,” बाई म्हणतात. “खाकरल्याशिवाय कधी आत आले नाहीत. तेवढ्यात मी सावरायची.”

“पीएच.डी. झाल्यावरही पदर, बाई?”

“पदर कुठला! त्यांचं वर्तमानपत्र वाचत असायची. ते लपवायला वेळ नको?”

दोघी हसतात. फरशीवर पाणी चढते आहे, गार आणि गढूळ. ओट्यापलीकडे नदीचे पात्र पसरले आहे आणि बाई घोटाभर पाण्यात उभ्या आहेत.

“या संचालाही जागं व्हायला क्षण लागतो. तुझा जुना संगणक म्हातारा होता, आपसूक रेंगाळायचा. नवा मात्र संच जागा व्हायच्या आतच विचारून मोकळा होतो. प्रश्नाची सुरुवात कापली जाते, केंद्राला काही कळत नाही. ते उत्तर कशाचं देईल?”

“म्हणजे बोलण्याआधीचा विलंब! सेटिंगमध्ये तिथे शून्य आहे. हे मला कसं सुचलं नाही?”

“सुचलंय की. स्वप्न कुणाचं आहे?”

दार उघडते. पाणी नाहीसे होते. समितीचे अध्यक्ष साळगावकर उंबऱ्यात उभे आहेत.

“काय मॅडम, नदी बोलली का?”

“एक मिनिट, सर.” तनुजा शून्य खोडते, तिथे अर्धा सेकंद भरते आणि प्रश्न पाठवते.

“अहो, किती दिवस एक मिनिट? जुन्याचा एवढा मोह बरा नव्हे.” साळगावकर टेबलामागे जातात, केबल मुठीत धरतात आणि हिसका देतात. केबल निघत नाही. ते पुन्हा ओढतात. संगणक हलतो, चहाचा कप कलंडतो, पण केबल जागची ढळत नाही.

तेवढ्यात पडद्यावर ओळ उमटते : नदीची पातळी, आरंभापासून अखेरपर्यंत अखंड.

साळगावकर केबल सोडतात. तनुजा वाकून पाहते. सकाळी तिने नुसते खुपसलेले ते टोक आता दोन्ही बाजूंनी घट्ट पिळलेले आहे, आणि स्क्रू ओले आहेत. ती त्यांना बोट लावते. बोटाला गढूळ पाणी लागते, चहा नव्हे.