कॅशमध्ये राहिलेला रिपोर्ट

पनवेलच्या आमच्या पॅथॉलॉजी लॅबचा सर्व्हर सांभाळायला करंजाहून एक गृहस्थ येतात. आल्या आल्या चहा नको म्हणतात आणि दोन कप पितात. काम करताना मशीनशी बोलतात, "हाय मी, हाय, जरा दम धर."

पेशंटला रिपोर्ट दाखवणारी आमची वेबसाइट फार रखडायची, म्हणून त्यांनी पेशंट आणि आमचा सर्व्हर यांच्यामध्ये प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ सर्व्हर बसवला. वाटेत कुणाला काही वाचता येऊ नये म्हणून एन्क्रिप्शन चढवलं, आणि पानं चटकन उघडावीत म्हणून त्यांच्या प्रती साठवणारं कॅशिंग सुरू केलं. साइट पळायला लागली. मी खूश.

दुसऱ्या दिवशी ते न बोलावता आले.

"मॅडम, चुकलो. एका बाईंचा रिपोर्ट कॅशमध्ये राहिला. तो दुसऱ्या पेशंटला दिसलाय."

"कुणाची तक्रार आली?"

"नाय. मलाच सर्व्हरच्या नोंदी बघताना सापडलं."

"मग दुरुस्त करा आणि सोडून द्या."

"दुरुस्त केलंय. रिपोर्ट आता साठत नाय. पण त्या बाईंना सांगाया पायजे. तुमी फोन लावा, मी बोलतो."

मी नाइलाजाने लावला. बाई चांगल्याच तापल्या. ते शांतपणे ऐकत होते. "चूक माझी हाय," एवढंच मधूनमधून म्हणत होते. लॅबवर त्यांनी दोष येऊ दिला नाही.

महिन्याभराने त्या बाई तपासणीला आल्या.

"ते फोनवर बोललेले अजून तुमच्याकडेच आहेत?"

"आहेत," मी म्हणाले.

"मग घ्या रक्त," म्हणत त्यांनी बाही वर सारली.